शेपटी आधी, मग डोळे

वडिवळ्याहून एक बाई आमच्याकडे बदकाची अंडी घेऊन येते. आठवड्यातून एकदा, सकाळच्या गाडीने कामशेतहून लोणावळ्याला. डोक्यावर पाटी, पाटीत भाताचं तूस आणि तुसात रोवलेली अंडी. तुम्ही दोघं इथे होतात तेव्हा धाकटीने त्यातलं एक निळसर अंडं खायला नकार दिला होता आणि उबवण्यासाठी ते माझ्या शालीत गुंडाळून कपाटात ठेवलं होतं. तुम्ही परत गेल्यावर ते मला वासावरून सापडलं.

मागच्या पावसाळ्यात या बाईची बदकं जायची वेळ आली होती. ती राहावीत की जावीत, याचा निवाडा डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या एका किड्यावर येऊन ठेपला. आजी कॉलेजात नेमकं काय शिकवायची, असं तुम्ही मला विचारता, आणि मी फोनवर सांगायला लागले की तुमचे चेहरे हळूहळू बाजूला, दुसऱ्या कुठल्यातरी पडद्याकडे वळतात. म्हणून ही हकिगत लिहून पाठवते. माझं शिकणं आणि शिकवणं सगळं इंग्रजीत झालं, त्यामुळे काही मराठी शब्द मलाही शोधावे लागतात. पण तुमचं मराठी वाचन सुटू नये, म्हणून मराठीतच लिहिते.

तर त्या सकाळी तिने पाटी उतरवली, अंडी आमच्या टोपलीत लावून ठेवली आणि पदराने तोंड पुसत म्हणाली, "बाई, ही शेवटचीच. फुडल्या वेळेला दुसरीकडनं बगा."

"का गं? बदकं आजारी पडली का?"

"बदकं ठणठणीत हायेत. गावाला आजार झालाय त्यांचा."

तिने साडी घोट्याच्या वर उचलून पाय दाखवले. घोट्यापासून पोटरीच्या अर्ध्यापर्यंत लाल पुटकुळ्या आणि त्यांच्यावर नखांचे ओरखडे. भाताची लावणी सुरू होती. चिखलपाण्यात उभ्या राहणाऱ्या सगळ्या बायकांचे पाय असेच झाले होते. दर वर्षी थोडी खाज असतेच, पण या वर्षी ती फार होती, आणि गावात या वर्षी नवीन काय, तर हिची बदकं.

लावणीचं काम तिकडे सावडीने होतं. म्हणजे आज सगळ्या जणी मिळून तुझ्या खाचरात, उद्या सगळ्या मिळून माझ्या. कुणी मजूर लावत नाही. आपल्या हातांच्या बदल्यात दुसरीचे हात मिळतात. त्या सावडीची म्होरकी होती हिची चुलतसासू. तिला गावातल्या सगळ्या सुना आत्याबाई म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिते. आत्याबाईंनी हिला सांगितलं होतं, बदकं विक, मगच तुझ्या खाचरात पाय ठेवू.

"मग काय करणार आहेस?"

"काय करनार? मालक तळेगावला कंपनीत. शिफ्ट सोडून येतोय व्हय लावनीला? तरवा तयार हाय, रोप जून व्हाय लागलंय. एकटीनं लावाय बसले तर पितर येतील जेवाय." ती हसली, पण तिला हसू आलेलं नव्हतं. "बदकं मीच पिल्लापासून वाढवल्यात, बाई. हाक मारली की एकामागं एक येत्यात. बंगलेवाले, बेकरीवाला, तुमी, समद्यांकडं माजं पाय लागलं ते त्यांच्यामुळं. न्हायतर मी कवा लोनावळ्यात आले आसते?"

मी विचारलं, खाज पाण्यात असताना सुरू होते की बाहेर आल्यावर?

"पान्यात आसताना चुनचुन. भाईर आलं, पाय वाळलं, का मग आग."

हे ऐकल्यावर मी चहाचं आधण बंद केलं आणि तिला बसवून घेतलं. ही खाज मला माहीत होती.

आता थोडं शास्त्र वाचावं लागेल. चपट्या कृमींची एक मोठी जात दुसऱ्या प्राण्यांच्या अंगात राहते. त्यांतले काही रक्तवाहिन्यांत राहतात. त्यांची अंडी जनावराच्या शेणातून किंवा पक्ष्याच्या विष्ठेतून पाण्यात पडतात. पाण्यात अंड्यातून पिल्लू निघतं आणि ते गोगलगाय शोधतं. गोगलगाईच्या पोटात त्याची वाढ होऊन एकाची अनेक होतात, आणि मग ती वेगळंच रूप घेऊन बाहेर पडतात. पुढे डोकंवजा शरीर, मागे शेपटी. या अवस्थेला सर्केरिया म्हणतात. शेपटीवाल्या या पिल्लाला आता त्याचं खरं घर हवं असतं, म्हणजे एखाद्या म्हशीची किंवा एखाद्या पक्ष्याची कातडी. ती भेदून आत शिरायचं आणि रक्तवाहिनी गाठायची. लावणीला उभ्या असलेल्या बाईचा पाय लागला तर ते चुकून त्यातही शिरतं. माणसाच्या कातडीत त्याचं पुढे काही होत नाही, ते तिथेच मरतं. मागे राहते ती खाज.

मोठा झालेला कृमी जनावराच्या आत खोल असतो. तो बघायचा तर जनावर कापावं लागतं. पिल्लू मात्र आपण होऊन गोगलगाईतून बाहेर येतं, काचेच्या भांड्यातही येतं. म्हणून माझ्या विषयातली बरीच माणसं या कृमींना त्यांच्या बालपणावरून ओळखतात. शेपटी एकेरी आहे की टोकाला दुभंगलेली, फाटे आखूड आहेत की लांब, तोंडाच्या मागे घसा आहे की नाही, डोळ्यांचे काळे ठिपके आहेत की नाहीत. एवढं पाहिलं की पिल्लू कुठल्या घराण्यातलं ते कळायला लागतं. एम.एस्सी.ची माझी सगळी उमेद अशा शेपट्यांची चित्रं काढण्यात गेली, आणि मला ते काम आवडायचं. पिल्लं क्षणभर स्थिर होत नसत. थकून थांबली की तेवढ्यात जे दिसेल ते कागदावर.

रक्तात राहणाऱ्यांची शेपटी दुभंगलेली असते. त्यांतले जे पक्ष्यांकडे जातात त्यांना बहुधा दोन डोळे असतात, जे गुरांकडे जातात त्यांना नसतात. हे सगळं त्या बाईला सांगत बसण्याऐवजी मी परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलांना देतात तसं एका ओळीत सांगून मोकळी झाले. "किड्याला डोळे असले तर तुझी बदकं. नसले तर गुरं."

तेवढं तिने लक्षात ठेवलं, आणि गावात जाऊन सांगितलंही.

मी तिला खाचरातल्या गोगलगाई आणायला सांगितल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी ती डबा भरून घेऊन आली. चपट्या वेटोळ्याच्या, तपकिरी, आणि इतक्या स्वच्छ की शिंपल्यांसारख्या चकाकत होत्या.

"धुतल्यास का?"

"मग? तुमच्या टेबलावर ठिवायच्या. मीठ लावून चोळल्या, दोन पानी काडली." आमच्याकडे बाजारातून तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, आणले की आपण करतो तसंच तिने केलं होतं. सगळ्या मेलेल्या. मीच सांगायला हवं होतं, असं मी म्हटलं, तर ती म्हणाली, "बाई, जित्त्या आनल्या आसत्या तरी आत्याबाई म्हनल्या आसत्या, हिनं कुटनं आनल्या कुनास ठाव."

त्यात तथ्य होतं. म्हणून ठरलं की मीच वडिवळ्याला जावं आणि गोगलगाई आत्याबाईंनी स्वतःच्या हाताने वेचाव्यात.

आठवड्याच्या मधला वार बघून आम्ही निघालो. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांतून लोणावळ्याबाहेर पडायचं म्हणजे सकाळ तिथेच जाते. कॉलेजने मोडीत काढलेला माझा मायक्रोस्कोप मी मांडीवर घेतला होता. तुमचे आजोबा गाडी चालवत होते आणि बदकाच्या अंड्यांचा पुरवठा चालू राहावा म्हणून आपण हे करत आहोत असं मला सांगत होते.

आत्याबाईंचं घर गावाच्या वरच्या अंगाला. मोठी पडवी, तिच्या एका भिंतीपलीकडे गोठा. आत्याबाई बांध्याने काटक, डोळ्यांनी तल्लख, बोलायला फटकळ. त्यांनी पहाटेच हिच्या खाचरातून आणि आपल्या खालच्या खाचरातून गोगलगाई वेचून दोन वेगळ्या तांब्यांत ठेवल्या होत्या. न धुता. सावडीतल्या सगळ्या बायका कामावर जायच्या आधी जमल्या होत्या. अंडीवाली मात्र दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं आणि तीही बसली नव्हती.

मी चहाचे काचेचे पेले मागितले. प्रत्येक पेल्यात विहिरीचं पाणी घालून एकेक गोगलगाय सोडली आणि पेले पडवीच्या कठड्यावर उजेडात ओळीने मांडले. ऊन नव्हतंच, पण सकाळचा उजेडही पुरतो. पिल्लं सकाळीच बाहेर पडतात, जनावरं पाण्यावर यायच्या वेळेला. आता वाट बघायची होती.

"बाई," एकीने विचारलं, "ह्या काय आता बोलनार हायेत व्हय?"

"बोलणार नाहीत. पण त्यांच्यातून काहीतरी बाहेर येईल."

"म्हंजे बाळंतपनच की."

"मग सुईन कोन? आत्याबाई?"

"गप बसा गं," आत्याबाई म्हणाल्या. "तुमची समद्यांची म्याच केली हायेत. ह्या तरी आरडत न्हाईत."

एका पेल्यात तपकिरी कण हलताना दिसायला लागले. मी ड्रॉपरने थेंब काचेवर घेतला, मायक्रोस्कोप धान्याच्या पेटीवर ठेवला, आरशासमोर आजोबांचा मोबाइल त्याचा दिवा लावून ठेवला आणि रीतीप्रमाणे पहिला मान घरच्या मोठ्या बाईला दिला. ही माझी दुसरी चूक. मी आधी बघायला हवं होतं.

आत्याबाईंनी एक डोळा घट्ट मिटून दुसरा नळीला लावला.  मग म्हणाल्या, "दोन डोळं. काळं कुळकुळीत."

 आत्याबाईंनी मान वर करून दाराकडे बघितलं. "काय गं, काय सांगितलं व्हतंस गावात? डोळं आसलं तर बदकं. बाईंनीच म्हनलंय म्हनं."

अंडीवालीने माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा मला अजून दिसतो. तो रागावलेला नव्हता. मला लवकर काहीतरी बोलायला हवं, एवढंच त्यावर होतं.

मी नळीत बघितलं. जाडसर तपकिरी पिल्लू, डोक्यात दोन ठसठशीत डोळे, आणि मागे शेपटी. लांब, सरळ, एकेरी. कुठेही फाटा नाही. हा वेगळ्याच घराण्यातला होता. याचे थोरले गुरांच्या पोटात राहतात. हा कुणाच्या कातडीत शिरत नाही. गवताला चिकटतो, स्वतःभोवती कवच करतो आणि कुणीतरी खाण्याची वाट बघतो.

"हा तो नव्हे," मी म्हटलं. "याची शेपटी बघा. एकेरी आहे. खाजेच्या किड्याची दुभंगलेली असते."

"आता शेपटी कुटनं आली मधीच?" आत्याबाई म्हणाल्या. "डोळ्याचं ठरलं व्हतं."

आणि त्यांचं बरोबर होतं. डोळ्यांचंच ठरलं होतं, ते मीच ठरवलं होतं. एकाच खुणेवर वर्गवारी करू नका, हे मी पहिल्या वर्षाच्या प्रत्येक वर्गाला सांगत आले. डोळे कुत्र्याला असतात आणि कावळ्यालाही असतात. म्हणून कुत्रा कावळ्याच्या घराण्यात जात नाही. खुणांना क्रम असतो. आधी शेपटी बघायची, ती दुभंगलेली असली तरच डोळ्यांचा प्रश्न विचारायचा. हे मी तिथे समजावून सांगितलं, शक्य तितकं सोपं करून. पण निकाल आपल्या विरुद्ध जायला लागल्यावर नियम बदलणाऱ्या माणसाचं बोलणं जसं ऐकलं जातं, तसंच ते ऐकलं गेलं. आजोबांनी वर्तमानपत्राचं पान फार सावकाश उलटलं.

"वकिलीन बाई हाय," मागून कुणीतरी म्हटलं.

मी दुसरे पेले बघायला लागले. आत्याबाईंच्या खालच्या खाचरातल्या एका पेल्यात मला पाण्याच्या वरच्या थराला लटकलेली पांढुरकी धूळ दिसली. तसलीच थोडी धूळ अंडीवालीच्या खाचरातल्या एका पेल्यातही होती. या वेळी मी आधी बघितलं. बारीक शरीर, मागे दांडी आणि दांडीच्या टोकाला दोन आखूड फाटे. घसा नाही. डोळे नाहीत. मी दुसरं पिल्लू शोधून बघितलं, मग तिसरं. नाहीत.

मग आत्याबाईंना बोलावलं.

"ह्याच्या शेपटीला फाटा हाय," त्या म्हणाल्या. "बेचक्यावानी. डोळं दिसत न्हाईत."

"हा खाजेचा किडा."

"कशावरनं?"

मी पुन्हा एकदा नळीत बघितलं.

"न्हाई, कशावरनं म्हनते मी? त्यो मगाचा खाजेचा न्हाई अन ह्यो हाय, हे तुमी म्हनताय म्हनून?"

इतकी वर्षं शिकवलं, पण हा प्रश्न मला वर्गात फार थोड्या मुलांनी विचारला. पुस्तकात तसं आहे, हे त्याचं उत्तर नव्हे. मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात त्यांनीच मार्ग काढला.

"सुरन आनला का तो खाजरा हाय का न्हाई, कसं बगतो आमी? हातावर घासून बगतो. लावा हितं."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मी म्हटलं, खाज येईल. त्या म्हणाल्या, "रोज ढोपराएवढ्या पान्यात हुबी ऱ्हाते. थेंबाला काय भ्यायचं?" मला ते पूर्ण पटलं नव्हतं, पण तेच पाणी त्यांच्या पायांना रोज लागत होतं हेही खरं होतं. उजव्या हातावर मी डोळेवाल्यांच्या पाण्याचे थेंब सोडले, डाव्या हातावर दुभंगल्या शेपटीवाल्यांच्या. आणि त्यांना एकट्यांना बसवून ठेवणं बरं दिसेना, म्हणून माझ्या दोन्ही हातांवरही तसंच केलं. आम्ही दोघी पूजेला बसल्यासारख्या हात पुढे धरून समोरासमोर बसलो.

चहा आला. आम्हाला दोघींना तो दुसऱ्या एकीने बशीतून पाजला.

"आत्याबाई, मेंदी रंगली का?"

"तुज्या लग्नात रंगली व्हती का माजी? तवाबी कामच करत व्हते."

चहा संपत आला तेव्हा आत्याबाईंच्या तोंडावरचा भाव बदलला. डाव्या हाताची बोटं आखडली. थोड्या वेळाने पाणी वाळलं आणि जिथे थेंब होते तिथे टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके उठले. उजवा हात होता तसाच कोरा. माझे दोन्ही हात कोरे.

बायका वाकून वाकून हात बघायला लागल्या.

"बाईंना कायच न्हाई झालं."

"शेरातलं कातडं. किड्याला वळख पटना."

खरी गोष्ट याच्या उलट आहे, आणि मी त्यांना ती सांगितली. किड्याला आत्याबाईंची ओळख पटलेली नव्हती. आत्याबाईंच्या शरीराला किड्याची पटली होती. लहानपणापासून दर लावणीला तो त्यांच्या कातडीत शिरत आला, म्हणून आता शिरताक्षणी शरीर गलका करतं. माझं शरीर त्याला पहिल्यांदाच भेटत होतं, त्यामुळे गप्प राहिलं. ही गोष्ट सगळ्यांना लगेच पटली. एकीने आपल्या नव्या सुनेच्या पायांकडे बोट दाखवलं. शहरातून लग्न होऊन आलेल्या त्या मुलीला पहिल्या लावणीत काहीच झालं नव्हतं, तेव्हा ती काम चुकवत असणार असं सगळ्या म्हणाल्या होत्या. सुनेने पाय लपवले नाहीत.

आत्याबाईंनी साबणाने हात धुतला, करंजाचं तेल चोळलं आणि पुन्हा पेटीसमोर येऊन बसल्या. "मंग ह्यो बिनडोळ्याचा कुनाचा?"

"गुरांचा. म्हशींचा म्हणा."

त्यांच्या खाचरांची रचना अशी आहे की ओढ्याचं पाणी एका खाचरातून बांध फोडून खालच्या खाचरात जातं. सगळ्यात वर अंडीवालीची खाचरं, खाली बाकीच्यांची. पण तिच्याही वर ओढ्यात एक पसरट डबकं आहे आणि त्यात दुपारभर गावाच्या म्हशी बसतात. हे मला सांगावं लागलं नाही. प्रत्येकीने मनात पाणी वर वर नेलं आणि जिथे पोचायचं तिथे पोचली.

"आत्याबाई," मेंदीवरून चिडवणाऱ्या बाईने विचारलं, "मग म्हशी कवा इकायच्या?"

सगळ्या हसल्या. आत्याबाईही हसल्या, जरा उशिराने. "इकते की. अन चा कशाचा पाजू तुमाला, बोरीच्या पाल्याचा?"

मी एक गोष्ट तेवढ्यात सांगून टाकली, कारण पुन्हा अर्धवट बोलायचं नव्हतं. या बदकांच्या अंगात कुठलाच कृमी नसेल असं मी म्हणत नाही. पक्ष्यांचे डोळेवाले, दुभंगल्या शेपटीचे किडे असतात आणि त्यांनीही अशीच खाज येते. आज वेचलेल्या गोगलगाईंत ते मला दिसले नाहीत, इतकंच. आणि गुरांचा हा किडा त्यांच्या कुठल्या पोटजातीतला, तेही मला इथे बसून सांगता येणार नाही. त्याला याहून चांगलं भिंग लागतं आणि पिल्लाच्या अंगातल्या फार बारीक पेशी मोजाव्या लागतात. मला वाटलं होतं, हे ऐकून त्यांचा विश्वास डळमळेल. झालं उलटंच. आत्याबाई म्हणाल्या, "आता कसं खरं बोलल्यासारकं वाटतंय."

चौकटीला टेकलेली अंडीवाली तेव्हा पहिल्यांदा बोलली. "आत्याबाई, गोगलगाई येचल्या ना तुमी? कुटं जास्ती गावल्या?"

आत्याबाईंनी पदर सारखा केला. "खालच्यात वंजळभर. तुज्यात हुडकाय लागल्या."

"माजी बदकं खात्यात त्या. दिसभर तेच करत्यात."

 गोगलगाय नसली तर किड्याला वाढायला घर नाही, हे मी पेले मांडताना सांगितलेलं त्यांच्या लक्षात होतं. एक जण म्हणाली, माझं लावायचं राहिलंय अजून, चिखलणीच्या आधी सोडशील का चार दिवस? दुसरी म्हणाली, तुझ्या आधी माझं सांगून ठेवलंय. तिने सांगितलं नव्हतं, पण अंडीवाली नाही म्हणाली नाही. आत्याबाई म्हणाल्या, "आधी वरच्या डबक्यात सोडा. मुळावर घाव घाला." ही सूचना मी करणार होते. ती त्यांनीच केली हे बरं झालं.

मी त्यांना एवढंच सांगितलं की पाण्यात उतरण्याआधी पायांना तेल लावा, आणि बाहेर आल्यावर पाय आपोआप वाळू देऊ नका, लगेच कोरड्या फडक्याने खसखसून पुसा. निघताना आत्याबाईंनी आजोबांच्या हातात दुधाची बाटली दिली. "म्हशीचंच हाय," त्या म्हणाल्या. "पिनार ना?" आजोबा म्हणाले, पिल्लं गोगलगाईत असतात ना, मग आमचं काय जातं. धडा त्यांनाही नीट कळला होता.

तिच्या लावणीच्या दिवशी मी मुद्दाम पुन्हा गेले. या वेळी मायक्रोस्कोप नेला नाही. पाऊस बारीक होता, डोंगर ढगात. बायकांनी करंजाच्या तेलाची बाटली बांधावर ठेवली होती आणि उतरण्याआधी एकमेकींच्या पोटऱ्यांना तेल लावून देत होत्या. वासाची तक्रार सगळ्या करत होत्या, तेल मात्र कुणी सोडत नव्हतं. बदकं खालच्या अंगाला, अजून न लावलेल्या एका खाचरात, माना चिखलात घालून कामाला लागली होती.

सावडीचा हिशोब असतो. हिच्याकडे जितक्या जणी आल्या तितके दिवस हिने त्यांच्याकडे जायचं. त्यात नवऱ्याचे हात कधीच नसायचे, आणि ते तिला दर वर्षी ऐकून घ्यावं लागायचं. त्या दिवशीही कुणीतरी सुरुवात केली, की हिचा मालक यंदाबी कंपनीतच का. आत्याबाई वाकूनच होत्या. रोपांची जुडी सोडत त्या म्हणाल्या, "बदकं कुनाच्या खाचरात सोडली हायेत आता?"

"माज्या," ती बाई म्हणाली.

"मग मालकाचा दिस भरून निगाला. बदकं जितं जातील तितं हिचा एक मानूस गेला आसं धरायचं. लाव फुडं."

कुणी वाद घातला नाही.  अंडीवालीने नव्या जुड्या उचलून प्रत्येकीच्या पुढ्यात टाकल्या आणि ओळीत, आत्याबाईंच्या शेजारी, जाऊन उभी राहिली. उजेड होता तोवर तिची सगळी खाचरं लावून झाली.